रक्तातलं काय कमी आहे?

जिना चढताना कुणाला धाप लागली, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या दिसल्या की आपण म्हणतो, ‘अंगात रक्त नाही.’ डेंग्यूच्या दिवसांत वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईक एकमेकांना विचारतात, ‘आज पेशी किती आल्या?’ कोकणात फुरसं चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त झिरपायला लागलं की घरचे सांगतात, ‘रक्त पातळ झालंय.’ तिन्ही वेळा आपण रक्ताचंच नाव घेतो, पण बिघडलेली गोष्ट दर वेळी निराळी असते. पहिल्या माणसाच्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन कमी पडलेलं असतं, दुसऱ्याच्या प्लेटलेट्स घटलेल्या असतात आणि तिसऱ्याच्या रक्तद्रवातलं एक प्रथिन विषाने संपवलेलं असतं. रक्त म्हणजे एकच एक लाल पदार्थ, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की तिच्यामुळे उपचार चुकतात, पैसा वाया जातो आणि कधी माणूसही हाती लागत नाही. म्हणून रक्तात काय काय असतं याचा हा आढावा.

तो घ्यायला सर्वांत चांगली जागा म्हणजे रक्तपेढीतली रक्तघटक वेगळे करण्याची खोली. दात्याने नुकतंच दिलेलं साडेचारशे मिलिलिटर रक्त पिशवीत असतं. पिशवीत आधीच घातलेलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. ही पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवून जोरात फिरवतात आणि काही मिनिटांनी हलक्या हाताने, धक्का न लावता बाहेर काढतात. आत जाताना ती सगळी लाल होती. आता तिच्या तळाशी गडद, काळपट तांबडा थर बसलेला असतो, वर गव्हाच्या काडीच्या रंगाचा पिवळसर, नितळ द्रव असतो आणि दोहोंच्या मधे एक बारीक पांढुरकी रेघ. वरचा द्रव निम्म्याहून थोडा जास्त, साधारण ५५ टक्के. तळचा थर ४५ टक्क्यांच्या आसपास. मधली रेघ एक टक्कासुद्धा नसते, पण शरीराचं सगळं सैन्य तिच्यातच असतं.

आधी तळाकडे पाहू. हा थर तांबड्या पेशींचा. एका घनमिलिमीटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, त्या ४५ ते ५० लाख असतात. प्रौढ माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तात मिळून त्यांची संख्या २५ लाख कोटींच्या घरात जाते. पेशीचा आकार मधोमध अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारखा, दोन्ही बाजूंनी खोलगट. या आकारामुळे तिला पृष्ठभाग जास्त मिळतो आणि तिच्या रुंदीपेक्षाही अरुंद केशवाहिनीतून ती दुमडून, वाकून पार होते. अस्थिमज्जेतून बाहेर पडण्याआधी ती आपलं केंद्रक टाकून देते. ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारी यंत्रणाही तिच्यात उरत नाही. आयुष्यभर ती ऑक्सिजन वाहते, पण त्यातला स्वतःसाठी जराही वापरत नाही. थोड्याशा साखरेवर गुजराण करते. केंद्रक नसल्यामुळे तिला स्वतःची डागडुजी करता येत नाही आणि सुमारे १२० दिवसांत ती झिजते. मग प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात. ही तूट भरून काढायला मज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी सोडत असते. हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या हाडांनी कोटभर पेशी तयार केल्या असतील.

या पेशीत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं, एकेका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू. प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू आणि प्रत्येक लोह-अणूवर ऑक्सिजनचा एक रेणू बसतो. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये या रेणूची रचना शोधायला १९३७ साली सुरुवात केली आणि ती हाती येईपर्यंत वीसहून अधिक वर्षं गेली. १९६२ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. या रेणूची खरी कमाल अशी की पहिला ऑक्सिजन बसला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि पुढचे तीन बसणं सोपं होतं. उतरतानाही तसंच. म्हणून फुप्फुसात तो पटकन भरतो आणि राबणाऱ्या स्नायूत पटकन रिकामा होतो.

हिमोग्लोबिन नसतं तर एक लिटर रक्तात जेमतेम तीन मिलिलिटर ऑक्सिजन विरघळला असता. हिमोग्लोबिन १४ असेल तर तेच एक लिटर रक्त सुमारे १९० मिलिलिटर वाहून नेतं. आता हा आकडा सातवर आला असं समजा. वाहण्याची ताकद निम्मी झाली. तेवढ्यावर ऊस तोडणारी, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई आपल्या राज्यात दर हंगामात दिसते. तिचं हृदय तीच उणीव जास्त ठोके देऊन भरून काढत असतं आणि आपण तिला ‘अशक्तपणा’ असं मोघम नाव देऊन मोकळे होतो. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के रक्तक्षयाच्या रेषेखाली सापडले. एवढ्या मोठ्या संख्येची आपल्याला सवय झाली आहे, ही मला सर्वांत वाईट गोष्ट वाटते.

शरीर लोहाच्या बाबतीत फार काटकसरी असतं. जुन्या पेशी मोडून रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह ते परत मिळवतं. अन्नातून रोज फक्त एक-दोन मिलिग्रॅम आत येतं. पाळीत जाणारं रक्त, लागोपाठची बाळंतपणं, अनवाणी पायांतून शिरलेले आकडेकृमी यांनी ही शिल्लक हळूहळू रिकामी होते. पालेभाजी-भाकरीबरोबर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं आणि जेवणाला लागून चहा घेतला तर कमी. हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

मात्र हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असं धरून चालणंही चूक. निव्वळ शाकाहारी घरांत बऱ्याचदा बी-१२ कमी असतं; तेव्हा पेशी संख्येने घटतात, पण आकाराने मोठ्या होतात. थॅलेसेमियात हिमोग्लोबिनची साखळीच अपुरी बनते. त्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी तांबड्या पेशी द्याव्या लागतात आणि दर पिशवीबरोबर शरीरात लोह साचत जातं, ते औषधाने बाहेर काढावं लागतं. अशा मुलाला ‘रक्त वाढावं’ म्हणून लोहाच्या गोळ्या देणं म्हणजे त्याच्या हृदयावर आणि यकृतावर भार टाकणं. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत याचे वाहक जास्त आढळतात.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, तिकडे नंदुरबार या पट्ट्यांत सिकलसेलचं दुखणं आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. पण ऑक्सिजन कमी झाला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. ती केशवाहिन्यांत अडकते आणि हाडं फुटल्यासारख्या वेदना होतात. १२० दिवस जगणारी पेशी इथे दहा-वीस दिवसांत मोडते. आई-वडील दोघे वाहक असतील तर दर गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, उलट गंभीर मलेरियापासून त्याला काहीसं संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला तो त्यामुळेच. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींत झाली. देशव्यापी निर्मूलन मोहीम सुरू झाली ती २०२३ मध्ये. मधली सत्तर वर्षं फार मोठी आहेत.

आता मधली पांढरी रेघ. तिच्यात पांढऱ्या पेशी आहेत, घनमिलिमीटरला चार ते अकरा हजार. १८८२ साली सिसिलीतल्या मेस्सिना गावी इल्या मेच्निकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी कडं केलं होतं. शरीरातल्या काही पेशी परक्या गोष्टीला वेढून गिळतात, हे त्यांना तिथे उमगलं. आपल्या रक्तात हे काम प्रामुख्याने न्यूट्रोफिल करतात. जखमेतला पू म्हणजे लढून मेलेल्या न्यूट्रोफिलचा ढीग. मोनोसाइट रक्तातून ऊतींमध्ये उतरून मोठ्या भक्षक पेशी होतात. इओसिनोफिल जंत आणि ॲलर्जीत वाढतात. लिम्फोसाइट मात्र आठवण ठेवतात: काही प्रतिपिंडं बनवतात, काही विषाणू शिरलेल्या पेशी मारतात आणि काही वर्षानुवर्षं जागत राहतात. लस म्हणजे या आठवणीलाच शिकवण देणं. ओडेसात मेच्निकॉव्ह यांच्याकडे शिकलेले वाल्देमार हाफकिन १८९६ च्या प्लेगात मुंबईत आले आणि आपली लस त्यांनी १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

याच रेघेतून प्लेटलेट्सही निघतात. या पूर्ण पेशी नाहीत, मज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचे सुटलेले तुकडे आहेत. आयुष्य सात ते दहा दिवस, संख्या दीड ते साडेचार लाख. वाहिनीला छेद गेला की त्या तिथे चिकटतात, आकार बदलतात, आणखी सोबतिणींना बोलावतात आणि बूच तयार करतात. रक्तपेढीत त्यांची पिवळट पिशवी वीस ते चोवीस अंशांवर सतत डोलणाऱ्या फळीवर ठेवलेली असते. थांबवली तर त्या एकमेकींना चिकटतील. ती पिशवी उजेडासमोर धरून हलकेच तिरपी केली तर आत रेशमी कापडासारखी झळाळी फिरते. निरोगी प्लेटलेट्स चपट्या असतात, त्यांच्यावरून उजेड तसा परततो. झळाळी दिसली नाही तर तंत्रज्ञ पिशवी बाजूला ठेवतो.

डेंग्यूत आपली सगळी नजर याच आकड्यावर असते. माझ्या घरातल्या एका तरुणाला डेंग्यू झाला तेव्हा आम्हीही तेच केलं. पेशी ऐंशी हजार झाल्या, मग पन्नास, मग अठ्ठावीस. कुणी पपईची पानं आणायला धावलं, कुणी महागडी किवी, कुणी प्लेटलेट्ससाठी दाते शोधत फोन करत बसलं. ताप उतरला म्हणून आम्ही हुश्श केलं आणि त्याच रात्री त्याच्या पोटात दुखायला लागलं, हातपाय गार पडले. नाइट ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने प्लेटलेट्सकडे पाहिलंच नाही. त्याने हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती त्याचा, आकडा पाहिला, लघवी किती झाली ते विचारलं आणि सलाइनचा वेग वाढवला. डेंग्यूत जिवावर बेततं ते बहुतेकदा रक्तद्रव केशवाहिन्यांतून बाहेर झिरपल्यामुळे, आणि नेमकं ताप उतरण्याच्या सुमारास. द्रव निघून गेला की मागे राहिलेलं रक्त दाट होतं, म्हणून हिमॅटोक्रिट चढतो. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट्स दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या सहसा चढवायच्या नसतात. सतत उलट्या, पोटदुखी, ग्लानी, कमी लघवी ही लक्षणं पेशींच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची आहेत, हे त्या रात्री मला कळलं. वेळेवर कळलं, एवढं नशीब.

आणि हा झिरपणारा पिवळा द्रव, रक्तद्रव म्हणजेच प्लाझ्मा, रक्ताचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. त्याच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, म्हणून आपण त्याला पाणीच समजतो. पण साखर, मीठ, संप्रेरकं, युरिया, औषधं यांची सगळी ने-आण तोच करतो आणि कार्बन डायऑक्साइडही बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात त्याच्यातूनच फुप्फुसाकडे परततो. त्यातलं अल्ब्युमिन पाण्याला वाहिन्यांत धरून ठेवतं. यकृत थकलं किंवा मूत्रपिंडातून अल्ब्युमिन गळू लागलं की पाणी ऊतींत उतरतं, पायांवर बोट दाबलं तर खळगा राहतो. ग्लोब्युलिनमध्ये प्रतिपिंडं असतात. आणि फायब्रिनोजेन रक्त गोठवतं.

प्लेटलेट्सचं बूच तात्पुरतं असतं. ते पक्कं करायला रक्तद्रवातले डझनभर घटक एकापाठोपाठ एक जागे होतात. शेवटी विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिन धागे होतात आणि त्यांच्या जाळ्यात पेशी अडकून गुठळी बनते. यातले बहुतेक घटक यकृत बनवतं, काहींना के जीवनसत्त्व लागतं, सगळ्या साखळीला कॅल्शियम लागतं. हिमोफिलियात आठवा किंवा नववा घटक कमी असतो. मुलगा नुसता अडखळला तरी गुडघ्यात रक्त साचतं. त्याला पूर्ण रक्त देऊन उपयोग नाही, तो घटकच द्यावा लागतो.

घोणस आणि फुरसं यांचं विष नेमकं या साखळीवर घाव घालतं. ते गोठण्याची क्रिया भलत्याच वेळी, सगळीकडे सुरू करून देतं. फायब्रिनोजेन खर्ची पडतं आणि मग खरोखर गरज असते तिथे रक्त गोठतच नाही. ग्रामीण रुग्णालयात हे ओळखायला यंत्र लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता उभी ठेवतात. मग नळी तिरपी करायची. गुठळी जागची हलली नाही तर ठीक. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष काम करतंय, प्रतिविष द्या. नळी प्लास्टिकची असेल तर निकाल फसवा येतो, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. प्रतिविष म्हणजे काय, तर घोड्याच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडं. घोड्यांना नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष अल्प मात्रेत वाढवत टोचतात, त्यांच्या लिम्फोसाइट ते ओळखायला शिकतात आणि त्यांनी बनवलेली प्रतिपिंडं आपल्या माणसाला वाचवतात. हाफकिनच्या नावाशी महाराष्ट्रात हे कामही जोडलेलं आहे.

असं हे रक्त दुसऱ्याला द्यायचं तर गट जुळावा लागतो. कार्ल लॅंडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्नात आपलं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त एकमेकांत मिसळून पाहिलं आणि ए, बी, ओ गटांचा पाया घातला. एबी पुढच्या वर्षी सापडला. तांबड्या पेशीवर ए किंवा बी हा ठसा ज्या पायावर उभा राहतो त्याला एच म्हणतात. ओ गटात फक्त हा पाया असतो. म्हणून ओ सगळ्यांना चालतं, असं आपण ऐकलेलं असतं. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसं सापडली ज्यांच्या पेशींवर हा पायाही नव्हता. त्यांना ए चालेना, बी चालेना, ओसुद्धा चालेना. ‘लॅन्सेट’मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली आणि जगभर या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव पडलं. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो, युरोपात दहा लाखांत एखादा. वरवर तपासलं तर तो ओ वाटतो. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचंच रक्त चालतं. मुंबईत या गटाचे दाते मध्यरात्री फोन आला तरी निघतात. या शहराला असे नागरिक लाभले आहेत याचा मला अभिमान वाटतो.

पूर्वी आपल्याकडे रक्त विकत मिळायचं. गरीब माणूस पोटासाठी पंधरवड्याला रक्त विकायचा. त्याचं हिमोग्लोबिन किती, त्याला काय आजार, कुणी विचारायचं नाही. मुंबईत लीला मूळगावकरांनी त्या काळातही मोबदला न घेता रक्त देण्याची चळवळ उभी केली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. आज पिशवीत जे येतं ते कुणीतरी दिलेलं असतं.

आणि ती एक पिशवी आता तिघांकडे जाते. तांबड्या पेशी दोन ते सहा अंशांवर ३५ ते ४२ दिवस टिकतात. त्या बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला किंवा थॅलेसेमियाच्या मुलाला मिळतात. रक्तद्रव गोठवून वर्षभर ठेवता येतो. तो यकृत निकामी झालेल्या किंवा अपघातात खूप रक्त गमावलेल्या माणसाला लागतो. प्लेटलेट्स मात्र पाचच दिवस राहतात आणि किमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना त्या रोज लागतात. मोठ्या वाढदिवसाला, जयंतीला एकाच दिवशी हजार पिशव्यांचं शिबिर भरतं, सगळ्यांचे फोटो निघतात. पण सहाव्या दिवशी त्या हजारांतली एकही प्लेटलेट पिशवी वापरता येत नाही. वर्षातून एकदा हजार जणांनी येण्यापेक्षा दर आठवड्याला वीस जणांनी यावं, हे रक्तपेढीत काम करणारा कुणीही सांगेल.

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त असेल तर पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी रक्त देता येतं. गेलेला द्रव एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत. दर उन्हाळ्यात, कॉलेजं बंद असतात आणि लोक गावी गेलेले असतात तेव्हा, रक्तपेढ्यांच्या फळ्या रिकाम्या पडतात. जमलं तर या वर्षी मे महिन्यात जा, आणि आधी फोन करून विचारा की आज काय कमी आहे.